अजिंठ्याच्या भिंतीवरचा इटालियन हात

१९२० च्या हिवाळ्यात अजिंठ्याच्या लेण्यांत दोन इटालियन माणसे कामाला लागली. एक प्रोफेसर लोरेन्झो चेक्कोनी आणि दुसरे त्यांचे साहाय्यक काउंट ओर्सिनी. त्यांना निजाम सरकारने बोलावले होते. भिंतींवरून गळून पडत चाललेली चित्रे जागच्या जागी थांबवणे, एवढेच त्यांचे काम होते. १९२०-२१ आणि १९२१-२२ असे दोन हंगाम काम करून ते मायदेशी परतले. आज त्यांचे नाव निघते ते एकाच वाक्यात : इटालियनांनी चित्रांवर लाखेचे वार्निश फासले आणि अजिंठा पिवळा पडला.

हे वाक्य खोटे नाही. पण ते अपुरे आहे. त्याचा उरलेला भाग फर्दापूरपासून फ्लोरेन्स आणि मिलानपर्यंत पसरलेला असून तो समजल्याखेरीज या दोघांविषयी निवाडा देणे न्यायाचे होणार नाही. हा धागा त्यासाठी.

आरंभी थोडा भूगोल. जळगावहून पहूरमार्गे अजिंठा सुमारे साठ किलोमीटर. नालेच्या आकाराच्या ज्या कड्यात लेणी खोदली आहेत, त्याच्या पायथ्याने वाघूर नदी वाहते. सातकुंडाचा धबधबा घेऊन ती डोंगर उतरते, खानदेशात शिरते आणि पुढे तापीला मिळते. जळगाव शहराला ज्या वाघूर धरणाचे पाणी मिळते, ते याच नदीचे. मात्र राजकीय सीमा नदीचे ऐकत नाहीत. एकोणिसाव्या शतकात घाटाखालचा खानदेश इंग्रजांचा होता आणि लेणी निजामाच्या मुलखात होती. आजही ती जळगाव जिल्ह्यात येत नाहीत, सोयगाव तालुक्यात येतात.

तरीही बाहेरच्या जगाने अजिंठा ओळखला तो खानदेशाच्या बाजूने. रेल्वे जळगावपर्यंत होती आणि पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाल्यावर पहूर हे त्याहून जवळचे स्थानक झाले. जॉन ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा प्रसिद्ध ग्रंथ १८९६-९७ मध्ये लंडनला निघाला. त्याच्या शीर्षकातच अजिंठ्यापुढे ‘खानदेश, भारत’ असा पत्ता छापला आहे. निजामाच्या दरबारी हे कसे वाचले गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या प्रदेशाशी जडलेले आणखी एक नाव आधी घेतले पाहिजे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने लेणे १० मधील एका चित्रित खांबावर आपले नाव कोरले. बाहेरच्या जगाला अजिंठा ‘सापडला’ तो असा, म्हणजे पहिल्याच भेटीत चित्रावर ओरखडा उठवून. पुढे १८४४ मध्ये रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी येथे आला आणि आयुष्यभर याच परिसरात राहिला. कॅनव्हासवर तैलरंगांत केलेल्या त्याच्या प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. ना. धों. महानोरांमुळे गिल आणि पारो ही नावे मराठी वाचकाला परिचित आहेत, म्हणून येथे त्यांचा विस्तार नको.

आता इटलीकडे वळू. इटलीचा अजिंठ्यात पहिला प्रवेश माणसांच्या रूपाने झाला नाही, तो मोजपट्टीच्या रूपाने झाला.

ग्रिफिथ्स हे मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयातील अध्यापक, पुढे तेथील प्रमुख. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती करवल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी सर्वांत नावाजलेले. व्हिक्टोरियन काळातील कोणत्याही कलाशिक्षकाप्रमाणे ग्रिफिथ्स यांच्या मनात चित्रकलेचे शिखर म्हणजे इटलीचे प्रबोधनयुग होते. लेणे १६ मधील ‘मरणासन्न राजकन्या’ या चित्रासमोर उभे राहून त्यांनी रेखाटनासाठी फ्लोरेन्सचे आणि रंगासाठी व्हेनिसचे माप लावले. त्या दोन्ही बाबतींत अजिंठा किंचित उणा ठरवून, भावदर्शनात मात्र तो कोणालाही हार जाणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. त्या काळी हा फार मोठा गौरव होता. भारतात ललितकला म्हणावी अशी चित्रकला नव्हतीच, असे इंग्लंडमधील जाणकार उघडपणे म्हणत असत.

पण परक्या मोजपट्टीने झालेल्या गौरवाची किंमत मोजावी लागते. फ्लोरेन्सशी तुलना आली, तिच्याबरोबर ‘फ्रेस्को’ हा शब्दही आला आणि तो अजिंठ्याला कायमचा चिकटला. पर्यटन पुस्तिकांतील ‘भारताचे सिस्टाइन चॅपेल’ हे बिरुद त्याच शब्दाचे अपत्य. मायकेलअँजेलोने सिस्टाइनचे छत १५०८ ते १५१२ मध्ये रंगवले. अजिंठ्याची मुख्य चित्रे त्याच्याआधी हजार वर्षांची. वॉल्टर स्पिंक यांच्या कालगणनेनुसार वाकाटक सम्राट हरिषेण इ.स. ४७७ च्या सुमारास मरण पावला आणि लेण्यांचे वैभव ओसरले. त्याच्या एकच वर्ष आधी, ४७६ मध्ये, पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा बादशहा पदच्युत झाला होता. तुलना करायचीच असेल तर ती या समकालीन रोमशी करता येईल. पण पुस्तिका विकल्या जातात त्या मायकेलअँजेलोच्या नावावर.

फ्रेस्को म्हणजे नेमके काय, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा प्रश्न गिलाव्याचा आहे. खऱ्या फ्रेस्कोत भिंतीला चुन्याचा ओला गिलावा देतात आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग त्यावर भरतात. चुना वाळताना हवेतील कर्बवायू शोषून घेतो, त्याचा दगड बनतो आणि रंगाचे कण त्या दगडात कैद होतात. रंग चिकटवायला डिंक लागत नाही, सरस लागत नाही, अंड्याचा बलक लागत नाही. म्हणून इटालियन कारागीर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज सकाळी घालत असे. त्या तुकड्याला ते ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे एका दिवसाचे काम. बारकाईने पाहिले तर इटलीतील चर्चच्या भिंतींवर या दिवसांच्या सीमारेषा आजही मोजता येतात.

अजिंठ्यात यातले काही नाही. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या बेसाल्टवर आधी मातीचा जाड थर दिला आहे. त्यात बारीक खडीवाळू, गवत, वनस्पतींचे तंतू आणि भाताचा तूस मिसळलेला. त्याच्यावर पांढरा पातळ लेप. तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला राजावर्त. हे सुक्या भिंतीवरचे काम आहे. १९३० च्या दशकात रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन् यांनी नमुन्यांचे पृथक्करण करून हे प्रयोगशाळेत दाखवून दिले. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घराची भिंत ज्याने शेण-माती-भुसा कालवून सारवताना पाहिली आहे, त्याला अजिंठ्याचा गिलावा फ्लोरेन्सच्या भिंतीपेक्षा जवळचा वाटेल.

अशा भिंतीची दुखणीही वेगळी असतात. तिच्यातील तूस आणि तंतू किड्यांचे खाद्य होतात. पावसाळ्यात डोंगरातून झिरपणारे पाणी मातीचा थर खडकापासून सुटा करते. सरस जुना झाला की रंगाची पकड सुटते आणि पापुद्रे उठतात. त्यात वटवाघळे, आसऱ्याला आलेल्यांच्या चुलींचा धूर आणि आठवण म्हणून तुकडा खरवडून नेणारे हौशी पाहुणे. शिवाय प्रतिकृती करणाऱ्यांनी चित्र नीट दिसावे म्हणून एकोणिसाव्या शतकातच ठिकठिकाणी वार्निशे लावली होती. ग्रिफिथ्स यांच्या पथकाकडेही त्याचा दोष जातो. वार्निशाचा आरंभ इटालियनांपासून झाला, ही समजूत म्हणून दुरुस्त करावी लागते.

ग्रिफिथ्स यांच्यानंतर अजिंठ्यात एक व्यक्ती अशी आली, जिला इटालियन भित्तिचित्रांची तंत्रे आतून ठाऊक होती. लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम. टस्कनीतील चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने १४०० च्या आसपास लिहिलेल्या कारागिरीच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर तिने १८९९ मध्ये प्रसिद्ध केले होते. चेन्नीनीची गुरुपरंपरा थेट जोत्तोला भिडते : जोत्तोचा शिष्य ताद्देओ गाद्दी, त्याचा मुलगा आन्योलो गाद्दी आणि आन्योलोचा शिष्य चेन्नीनी. घराण्याची परंपरा सांगणाऱ्या भारतीय गायकाला ही भाषा तत्काळ समजेल. ग्रंथात तत्त्वज्ञान थोडे आणि कृती फार. चुना किती दिवस भिजवावा, सरस कसा शिजवावा, कुंचला कोणत्या केसांचा करावा. हेरिंगहॅमने नुसते भाषांतर केले नाही, त्यातील कृती स्वतः करून पाहिल्या. अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्रे काढणाऱ्यांचे एक मंडळही १९०१ मध्ये लंडनला तिच्या पुढाकाराने उभे राहिले.

चेन्नीनीच्या ग्रंथातील एक गोष्ट अजिंठ्यासंदर्भात फार महत्त्वाची आहे. राजावर्ताच्या दगडापासून निळा रंग कसा काढावा, याची लांबलचक कृती तो देतो. दगडाची पूड मेण आणि राळेच्या गोळ्यात मळायची आणि राखेच्या खाऱ्या पाण्यात तो गोळा दाबत राहायचा, म्हणजे निळे कण खाली उतरतात. हा निळा ओल्या चुन्यावर नीट टिकत नाही, म्हणून इटालियन चित्रकार तो भिंत वाळल्यावर सरस किंवा अंडे घालून लावत. कित्येक इटालियन चित्रांत मेरीच्या वस्त्राचा निळा गळून गेला आहे, तो यामुळे. म्हणजे इटलीच्या भिंतीवर केवळ काही रंगांची जी अवस्था होती, ती अजिंठ्यात सगळ्या रंगांची होती. दोन्हीकडचा हा निळा ज्या खाणींतून येई, त्या खाणीही एकच : बदख्शानच्या.

हेरिंगहॅम १९०६ मध्ये प्रथम अजिंठ्यात आली आणि पुढे १९०९ ते १९११ या काळात दोन हंगाम तिने लेण्यांजवळ तंबू ठोकून प्रतिकृती केल्या. तिच्याबरोबर कलकत्त्याहून आलेले तरुण होते : नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन आले. लंडनच्या इंडिया सोसायटीने या प्रतिकृतींचा ग्रंथ १९१५ मध्ये काढला आणि त्याच्या नावात ‘फ्रेस्को’ हाच शब्द घातला. चेन्नीनीच्या भाषांतरकर्तीच्या कामावर हा शब्द बसावा, हा दैवदुर्विलास. तोवर ती स्वतः आजारी होती. १९११ मध्ये भारतातून परतताना तिचे मानसिक स्वास्थ्य ढासळले ते सावरलेच नाही. उरलेले आयुष्य रुग्णालयांत गेले आणि १९२९ मध्ये तिचा मृत्यू झाला. नंदलाल बोस मात्र येथून जे घेऊन गेले, ते शांतिनिकेतनच्या भिंतींवर उतरले. तो स्वतंत्र विषय आहे.

तिच्या पथकातील सय्यद अहमद हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे. ते अजिंठ्यालाच चिकटून राहिले आणि पुढे लेण्यांचे अभिरक्षक झाले. पाहुणे चित्रकार येत होते, परत जात होते. वर्षानुवर्षे त्या भिंतींबरोबर राहिलेल्या हैदराबादच्या या चित्रकाराविषयी लिहिले गेले आहे ते फारच थोडे.

१९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक झाले. तेव्हाचे निजाम मीर उस्मान अली खान. अकबर हैदरी यांच्यासारखा प्रभावी कारभारी या खात्याच्या पाठीशी होता. याझदानींच्या काळात अजिंठ्याचे काम दोन बाजूंनी सुरू झाले. चित्रांत कोणत्या कथा आहेत, हे ओळखण्यासाठी फ्रेंच विद्वान आल्फ्रेड फूशे यांनी १९१९-२० मध्ये लेण्यांचा अभ्यास करून अहवाल दिला. चित्रे टिकवण्यासाठी इटलीतून तज्ज्ञ आणायचे ठरले. भित्तिचित्रे दुरुस्त करण्याचा सर्वांत दीर्घ अनुभव तेव्हा इटलीतच होता. खर्च संस्थानाने उचलला. ज्या काळात ब्रिटिश भारतातही असे तज्ज्ञ आणणे ही चैन मानली गेली असती, त्या काळात एका देशी संस्थानाने हे केले, याचे श्रेय द्यायलाच हवे.

चेक्कोनी आणि ओर्सिनी यांनी केलेल्या कामाचे दोन भाग पाडले पाहिजेत. सर्वसाधारण टीकेत ते नेहमी एकत्र कालवले जातात.

पहिला भाग गिलाव्याचा. खडकापासून सुटलेला, पोकळ वाजणारा मातीचा थर त्यांनी पुन्हा खडकाला धरवला. तुटके काठ बंद केले, कारण गिलावा नेहमी काठापासून ढासळतो. उघडा काठ म्हणजे किड्यांना, ओलीला आणि माणसाच्या नखाला मिळालेले दार. काठबंदीचे काम पुढच्या पिढ्यांनीही चालू ठेवले. आज लेण्यात चित्राच्या कडेने जी साधी, रंगहीन पट्टी दिसते ती या दीर्घ उद्योगाची खूण. या कामाविषयी वाद नाही. ते झाले नसते तर विसाव्या शतकात आणखी काय काय गळून पडले असते, याचा अंदाज गिलच्या प्रतिकृतींवरून येतो. त्याने पाहिलेले पुष्कळ तपशील ग्रिफिथ्स यांच्या काळापर्यंतच नाहीसे झाले होते.

दुसरा भाग पृष्ठभागाचा. काजळी आणि मळ काढून, उठलेले रंगाचे पापुद्रे बसवण्यासाठी त्यांनी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख वापरली. ती चपडी लाख होती, विरंजन न केलेली. जुन्या शिसवी कपाटांना सुतार जे लाखेचे पॉलिश करत, त्याच जातीची. लावताच पापुद्रा बसतो, रंग ओला झाल्यासारखा गडद होतो आणि शतकानुशतके फिकटलेले चित्र एकाएकी बोलू लागते. त्या क्षणी पाहणाऱ्याला हा चमत्कारच वाटला असेल.

लाख मूळची भारताचीच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या कीटकांपासून ती मिळते आणि अजिंठ्याच्या घाटात पळस भरपूर. संस्कृत लाक्षा, प्राकृतातून लाख, पुढे फारसीमार्गे युरोपात गेली तेव्हा ‘लाक्का’ झाली. चेन्नीनीच्या ग्रंथात याच नावाचा तांबडा रंग येतो. भारतातून गेलेला पदार्थ इटालियन कार्यशाळेतील रीत बनून पुन्हा सह्याद्रीच्या उपरांगेत परतला. पुरवठा कोठून झाला हा वेगळा प्रश्न, शब्दाचा प्रवास मात्र असा पूर्ण वर्तुळ करतो.

लाखेचा दोष वेळाने कळतो. जुनी होता होता ती पिवळी, मग तपकिरी होते. कडक होते, आकसते आणि आकसताना खालच्या अशक्त रंगाला ओढते. वर्षे लोटली की ज्या स्पिरिटमध्ये ती सहज विरघळली होती, त्यालाही दाद देत नाही. जिथे काजळी पुरती निघाली नव्हती, तिथे ती थराखाली कोंडली गेली. वरून नवी धूळ आणि वटवाघळांची घाण त्या चिकट कवचावर बसत राहिली. फ्लोरेन्सच्या कोरड्या गॅलरीतील चित्रावर हे सावकाश घडते. चार महिने पावसात भिजणाऱ्या डोंगराच्या पोटात ते लवकर घडले.

याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात ऑक्सफर्डमार्फत अजिंठ्यावर चार भागांचा भव्य ग्रंथ काढला. त्यातील रंगीत पानांसाठी ई. एल. व्हेसी यांनी केलेले छायाचित्रण इटालियनांच्या दुरुस्तीनंतरचे आहे. म्हणजे भारतातील आणि परदेशातील दोन-तीन पिढ्यांनी ‘अजिंठ्याचे रंग’ म्हणून जे डोळ्यांत साठवले, त्यात लाखेच्या थराचा उबदार पिवळेपणा मिसळलेला असणार. वाकाटककालीन चित्रकाराची रंगसंगती तपकिरी-सोनेरी होती, असे मानणाऱ्या जुन्या कलासमीक्षेकडे पाहताना हे विसरू नये.

आता त्या आरोपाकडे, ज्यासाठी हा धागा सुरू झाला. इटालियनांनी परक्या देशातील चित्रांवर निष्काळजीपणे प्रयोग केला, असा त्याचा सूर असतो. याला सर्वांत चांगले उत्तर मिलानमध्ये आहे.

लिओनार्दो दा विंचीचे ‘शेवटचे भोजन’ हे चित्र सांता मारिया देल्ले ग्रात्सिये या मठाच्या भोजनगृहात १४९५ ते १४९८ च्या दरम्यान रंगवले गेले. तेही फ्रेस्को नाही. ओल्या चुन्याची घाई लिओनार्दोला मानवणारी नव्हती, म्हणून त्याने सुक्या भिंतीवर रंग लावले आणि काही दशकांतच ते सुटू लागले. इटलीतील सर्वांत प्रसिद्ध भित्तिचित्राचे दुखणे अशा रीतीने अजिंठ्याच्याच जातीचे आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बाँबहल्ल्यात त्या भोजनगृहाची एक बाजू कोसळली. वाळूच्या पोत्यांनी झाकलेली चित्राची भिंत उभी राहिली. युद्धानंतर माउरो पेल्लिच्चोली या नामांकित तज्ज्ञाने तिचे पापुद्रे बसवले. कशाने? मेण काढलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळवून.

चेक्कोनी अजिंठ्यातून गेल्यावर पाव शतक उलटल्यानंतरची ही घटना आहे. इटलीने आपल्या सर्वांत मौल्यवान भिंतीलाही तेच औषध दिले. फरक एवढाच की मिलानमधली लाख अधिक शुद्ध होती. ते थर आणि त्याआधीच्या साऱ्या दुरुस्त्या काढण्यासाठी पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन यांना दोन दशकांहून अधिक काळ लागला. काम १९९९ मध्ये संपले. योगायोग असा की त्याच १९९९ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंह यांनी अजिंठ्यातील लेणे ९ आणि १० मधील प्राचीनतम चित्रांवरची लाख आणि काजळी काढायला आरंभ केला.

म्हणून चेक्कोनी यांच्यावर हेतूचा किंवा हलगर्जीपणाचा दोष ठेवता येत नाही. दोष ठेवायचाच तर तो वेगळा आहे. पापुद्रे बसवणे ही वैद्यकीय गरज होती, पण वार्निशाने चित्र उजळते हा मोह होता. गरजेची जागा संपून मोहाची कोठे सुरू झाली, याचा हिशेब त्या काळच्या कोणत्याच दुरुस्तीकाराने काटेकोरपणे ठेवला नाही. चित्र पाहुण्यांना सुंदर दिसावे, ही अपेक्षा कामाच्या यजमानांचीही होती. तो जबाबदारीचा वाटा केवळ इटालियनांच्या माथी मारणे बरे नव्हे.

हैदराबाद भारतात विलीन झाल्यानंतर १९५३ मध्ये लेण्यांचा ताबा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आला आणि त्याच्या रसायन शाखेपुढे पहिले काम पडले ते वार्निश काढण्याचे. बी. बी. लाल यांनी या कामाविषयी तपशीलवार लिहिले आहे. (हस्तिनापूरच्या उत्खननाचे बी. बी. लाल वेगळे. हे रसायनतज्ज्ञ. आंतरजालावर या दोघांची सर्रास गल्लत होते.) कापसाच्या बोळ्याने द्रावक लावून, थांबून, पुसून, एका वेळी तळहाताएवढीही नसलेली जागा मोकळी करत हे काम चालते. लेणे ९ आणि १० मधील थर हटल्यावर जी चित्रे नव्याने वाचता येऊ लागली, ती इसवी सनापूर्वीची आहेत. आज पाँपेईच्या भिंतींवर दिसणारी बहुतेक चित्रे त्यांच्यानंतरची.

पाँपेईचे नाव निघालेच आहे, तर थोडे विषयांतर. १९३८ मध्ये पाँपेईच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती सापडली ती अजिंठ्याच्या दक्षिणेस असलेल्या भोकरदनला. वेसुव्हियसचा उद्रेक इ.स. ७९ चा, म्हणजे मूर्ती त्याआधीच इटलीत पोहोचली होती. या डोंगराळ पट्ट्याचा आणि इटलीचा संबंध चेक्कोनी यांच्यापेक्षा अठराशे वर्षे तरी जुना आहे.

दरम्यान इटलीतही विचार बदलला होता. रोममध्ये १९३९ मध्ये संवर्धनासाठी मध्यवर्ती संस्था स्थापन झाली आणि चेझारे ब्रांदी तिचे पहिले संचालक झाले. १९६३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडलेली भूमिका थोडक्यात अशी : दुरुस्ती जवळून पाहता ओळखू यावी आणि उद्याच्या दुरुस्तीची वाट तिने अडवू नये. लाख या दुसऱ्या कसोटीला उतरत नाही. १९५९ पासून रोममध्येच संवर्धनाचे आंतरराष्ट्रीय केंद्र कार्यरत आहे आणि अनेक भारतीय संवर्धक तेथे शिकले आहेत.

या शतकात रोमच्या त्याच मध्यवर्ती संस्थेचे तज्ज्ञ पुन्हा अजिंठ्यात आले, यावेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे सहकारी म्हणून. लेणे १७ मधील चित्रांचे तंत्र आणि त्यांची सद्यःस्थिती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यावरचा इटालियन ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, नाव ‘आजंता दिपिंता’, म्हणजे चित्रित अजिंठा. शीर्षकात यावेळी ‘फ्रेस्को’ नाही.

त्यांच्यापुढे आणि भारतीय रसायनतज्ज्ञांपुढे जो प्रश्न उरला आहे, तो चेक्कोनी यांच्यापुढच्या प्रश्नाहून अवघड आहे. पुष्कळ ठिकाणी मूळ सरस आता जवळजवळ संपला आहे. रंगाचा कण भिंतीला धरून आहे तो शंभर वर्षांपूर्वीच्या लाखेच्या आधाराने. तिथली लाख पिवळी आहे, चित्र झाकणारी आहे आणि ती पुसली तर बोळ्याबरोबर रंगही निघून येऊ शकतो. म्हणून साफसफाईची परवानगी देण्याआधी प्रत्येक तुकडा तपासून पाहावा लागतो : येथे लाख रंगावर आहे, की रंग लाखेत आहे.